गावात बॅले शिकवायचं तर आधी टीचर बघा, शूज नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांच्या छंदांवर पान आलं होतं, त्यात डान्ससाठी सल्ला होता की जवळचा चांगला क्लास शोधा. जवळचा आणि चांगला हे दोन्ही एकत्र शहरात मिळत असेल, खेड्यात राहणाऱ्या आईबापांना एकतर क्लासच मिळत नाही आणि मिळाला तर तो चांगला आहे की नाही हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

माझी मुलगी आता 11 वर्षांची आहे. आठव्या वर्षी तिने बॅलेचा हट्ट धरला, आसपास एकच क्लास होता जिथे सगळ्या प्रकारचे डान्स शिकवायचे, आम्ही घातलं. आठव्या महिन्यात सांगण्यात आलं की पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे शूज आणा, वार्षिक कार्यक्रमात मुली बोटांच्या टोकावर उभ्या राहिल्या की छान दिसतं. मी आणले. खरं सांगते मला अभिमान वाटला होता, फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. दोन महिन्यांत घोटा दुखायला लागला, मग नडगी, रात्री उठून पाय दाबत बसायची पोर, आणि क्लासमध्ये म्हणायचे सवय होईल. डॉक्टरांनी विचारलं किती वर्षं शिकतेय, मी म्हटलं अजून वर्षसुद्धा नाही झालं, त्यांनी ते शूज उचलून माझ्या हातात दिले आणि म्हणाले हे सध्या कपाटात ठेवा.

त्यानंतर मी वाचायला लागले आणि वाचून जास्तच राग आला, कारण ही माहिती काही गुप्त नाहीये. या वयात पायाची हाडं अजून वाढत असतात. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स ही संस्था स्पष्ट सांगते की 12 वर्षांच्या आधी पॉइंट नको, आणि नुसतं वय पुरेसं नाही, पोट, कंबर, घोटा यांची ताकद आणि काही वर्षांचं नीट शिक्षण पाहिजे. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी मुलं आठवड्यातून एकदाच क्लासला जातात त्यांना पॉइंटपासून परावृत्त करा असं त्यांचं म्हणणं आहे. गावातली बहुतेक मुलं एकदाच जाऊ शकतात! म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जपायला हवं तिथेच घाई चाललीय.

टर्नआउटचंही तसंच. पाय बाहेरच्या बाजूला वळवायचा तो खुब्यातून, पण पटकन रिझल्ट दाखवायचा म्हणून मुलांना पावलं ओढून एका रेषेत ठेवायला लावतात आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पालक म्हणून हे बघायला बॅले यावं लागत नाही. मूल प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला जातोय की आत पडतोय एवढं बघा, आणि आत पडत असेल तर टीचर थांबवतात का ते बघा.

टीचरना थेट विचारा की तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकलात, वागानोवा, चेकेट्टी की रॉयल अकॅडमी ऑफ डान्स, आणि मुलांना शिकवायचं ट्रेनिंग कुठे घेतलंत. चांगल्या टीचरना या प्रश्नाचा राग येत नाही, हा माझा अनुभव आहे. लंडनची ही रॉयल अकॅडमी 1920 पासून आहे, तिच्या परीक्षांना मुलं बसवायची तर टीचर रजिस्टर्ड लागतात, आणि आपल्या भागातले टीचर त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतात. परीक्षा द्यायची नसली तरी तिथून सुरुवात करा.

आणि फरशी, याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. आरसे, लाइट, चकाचक टाइल्स बघून आपण भुलतो, पण काँक्रीटवरच्या टाइलवर रोज उड्या मारल्या तर तो धक्का नडगीत आणि गुडघ्यात जातो. खाली पोकळी असलेली, थोडी दबणारी लाकडी जमीन पाहिजे. शाळेच्या जुन्या हॉलमधली लाकडी जमीन कित्येकदा नव्या स्टुडिओपेक्षा बरी असते आणि अशा शाळा गावोगावी आहेत.

आम्ही तेच केलं. पाच घरं एकत्र आलो, शाळेकडून शनिवारी हॉल मागून घेतला आणि शहरातल्या एका अनुभवी टीचरना महिन्यातून दोनदा यायची विनंती केली. उरलेल्या शनिवारी आम्ही आळीपाळीने मुलांना घेऊन त्यांच्याकडे जातो, जायला दीड तास यायला दीड तास. मधल्या दिवसांत 20 मिनिटं ऑनलाइन, पण त्यात फक्त जमिनीवरचे व्यायाम आणि खुर्चीला धरून सावकाश प्लिए आणि तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), उड्या अजिबात नाहीत, कारण स्क्रीनवरून टीचरना वजन टाचेवर आहे की चवड्यावर हे नीट दिसत नाही. माझ्या मुलीला परत पहिल्यापासून शिकावं लागलं, पहिले काही महिने ती रडली, की माझ्या मैत्रिणी स्टेजवर आणि मी अजून बारला (सरावाच्या आडव्या दांड्याला) धरून. आता घोटा दुखत नाही.

उशीर झाला म्हणून घाबरणाऱ्या पालकांना एवढं सांगते, अमेरिकेची बॅले डान्सर मिस्टी कोपलँड 13 व्या वर्षी बॅलेकडे वळली, तिचे पहिले धडे एका क्लबच्या बास्केटबॉल कोर्टवर झाले, आणि 2015 मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल डान्सर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची डान्सर झाली. चीनमधल्या एका गरीब खेड्यात वाढलेला बॅले डान्सर ली त्सुनशिन तर 11 वर्षांचा असताना बीजिंगच्या डान्स अकॅडमीसाठी निवडला गेला कारण निवड करणारे लोक त्याच्या गावच्या शाळेपर्यंत आले होते. कोणीतरी तिथे गेलं, हाच मुद्दा आहे माझा.

म्हणून शहरातल्या मोठ्या बॅले शाळांना तुमच्या पेपरातून विनंती करायची आहे की महिन्यातून एक दिवस एक टीचर बाहेर पाठवा, हॉल आम्ही शोधतो, मुलं आम्ही जमवतो. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी क्लासची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे टीचरचं ट्रेनिंग आणि जमीन कसली आहे हे दोन रकाने जरूर टाका.

आपली नियमित वाचक,
एक आई