प्रशिक्षकाला दहा वर्षं द्या : उच्चशिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : विद्यापीठांत खेळनिहाय पूर्णवेळ प्रशिक्षकांची कायम पदं निर्माण करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विषय वाचून आपल्या कार्यालयातलं कुणीतरी हे पत्र क्रीडा विभागाकडे वर्ग करायला निघेल. कृपया तसं होऊ देऊ नका. कॉलेजात शिकणारी मुलगी आपल्या विभागाची विद्यार्थिनी आहे, ती ज्या मैदानावर खेळते ते आपल्या विभागाच्या महाविद्यालयाचं आहे आणि प्रवेशाच्या वेळी तिच्याकडून जे क्रीडा शुल्क घेतलं जातं, त्याची पावतीही तिथलीच असते. तिला शिकवणारा माणूस कोण आणि तो किती दिवस टिकणार, हा प्रश्न म्हणून आपल्यालाच विचारते आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. तिथल्या मिशिगन विद्यापीठात कॅरल हचिन्स १९८५ ते २०२२ अशी ३८ वर्षं मुलींच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलच्या जातीचा बॅट-चेंडूचा खेळ) संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,७०७ विजय होते. अमेरिकी कॉलेज सॉफ्टबॉलच्या वरच्या विभागात तोवर कुणीही एवढे सामने जिंकलेले नव्हते. बिग टेन या त्यांच्या विद्यापीठगटाचं साखळी विजेतेपद त्यांनी २२ वेळा मिळवलं, आणि मिशिगनमधल्या ३८ हंगामांत हरलेले सामने जिंकलेल्यांहून जास्त झाले, असं एकदाही घडलं नाही. मिशिगन हे खासगी विद्यापीठ नाही. आपल्या पुणे किंवा नागपूर विद्यापीठासारखंच राज्याचं, सार्वजनिक विद्यापीठ आहे.

आकडे एवढेच पुरे. मला त्यामागचं सांगायचं आहे.

हचिन्स शिकल्या शेजारच्या मिशिगन स्टेट विद्यापीठात. तिथे त्या सॉफ्टबॉलही खेळत आणि बास्केटबॉलही. १९७६ मध्ये त्यांच्या सॉफ्टबॉल संघाने महिलांचं राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद जिंकलं. बास्केटबॉलमध्ये मात्र त्याच विद्यापीठाच्या मुलांच्या संघात १९७७ पासून मॅजिक जॉन्सन होता, पुढे बास्केटबॉलचा मोठा तारा झालेला, आणि १९७९ मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. मुलांच्या आणि मुलींच्या संघांना मिळणाऱ्या सोयींत, अगदी बाहेरगावी गेल्यावरच्या जेवणाच्या भत्त्यातसुद्धा, फरक होता. मुलींनी तक्रारी केल्या, काही झालं नाही. शेवटी त्या विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या आणि खटल्याला नाव लागलं ते हचिन्स यांचंच. आधार होता १९७२ च्या एका केंद्रीय कायद्याचा, ज्याला तिथे सगळे ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं कलम आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. आपले शासन निर्णय वाचून दमलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विद्यापीठाला कोर्टात खेचणाऱ्या या मुलीला त्याच राज्यातल्या दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाने काही वर्षांतच आधी सहायक प्रशिक्षक म्हणून आणि मग मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतलं. आपल्याकडे कुलगुरूंविरुद्ध कोर्टात गेलेल्या खेळाडूला पुढच्या वर्षी निवड चाचणीला तरी बोलावतील का, हे आपणच सांगा.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. अमेरिकेत या खेळाची शेवटची मोठी स्पर्धा दरवर्षी ओक्लाहोमा सिटीत होते आणि त्यात देशभरातले फक्त आठ संघ पोहोचतात. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर हचिन्स यांचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदा पोहोचला तो १९९५ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. त्यानंतर १९९६, १९९७, १९९८, २००१, २००२ आणि २००४ मध्ये संघ पुन्हा गेला. सात वाऱ्या झाल्या आणि सातही वेळा जेतेपदाशिवाय परतावं लागलं. मिशिगनचा हिवाळा असा की मार्चमध्येही मैदानावर बर्फ असतो, म्हणून हंगामाचे सुरुवातीचे आठवडे संघ दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत जाऊन खेळतो. ही राष्ट्रीय स्पर्धा आजच्या रूपात सुरू झाली १९८२ मध्ये, आणि तेव्हापासून मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही विद्यापीठाला ती जिंकता आली नव्हती. थंड प्रदेशातल्या संघाला हे जमायचं नाही, असं समजायला पुरेसं कारण होतं.

२००५ मध्ये आठव्या वारीत समोर होता त्या खेळातला तेव्हाचा सगळ्यात दबदब्याचा संघ, कॅलिफोर्नियाचा यूसीएलए. तीन सामन्यांची अंतिम फेरी. पहिला सामना मिशिगन हरला, दुसरा जिंकला. तिसरा सात इनिंगमध्ये सुटेना, १-१ अशा बरोबरीत लांबत दहाव्या इनिंगपर्यंत गेला. तिथे सामंथा फिंडले या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवत तीन धावांचा होमरन मारला आणि मिशिगन ४-१ ने जिंकला. मुख्य प्रशिक्षक म्हणून हचिन्स यांचा तो एकविसावा हंगाम होता.

एकविसावा! आपल्या एखाद्या विद्यापीठात वीस वर्षं विजेतेपद न मिळालेला प्रशिक्षक खुर्चीवर राहिला असता का? खरं तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बहुतेक ठिकाणी आपण त्याला खुर्चीच दिलेली नाही.

हे काही एकट्या हचिन्सबाईंचं उदाहरण नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पॅटी गॅसो १९९५ मध्ये तिथे रुजू झाल्या. २००० मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढचं कधी? २०१३ मध्ये. मधली तेरा वर्षं विद्यापीठाने त्यांना हलवलं नाही. नंतर २०१६, २०१७ आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं आली. सलग चार त्याआधी कुणीच जिंकली नव्हती.

सॉफ्टबॉल म्हणजे काय, असं आपल्या बैठकीत कुणी विचारलंच तर सांगावं की हा खेळ महाराष्ट्राला परका नाही. जळगाव, अमरावती, नागपूर, पुणे इथल्या मुली हा खेळ वर्षानुवर्षं खेळत आल्या आहेत आणि त्यातल्या काहींना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत. मीही विद्यापीठाच्या संघातून खेळले. कोणत्या, ते सांगत नाही, कारण दोष एका विद्यापीठाचा नाही.

आमच्या मैदानावर फक्की मारून डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखायचो तो सामन्याच्या दिवशीच, एरवी पोत्याचे तुकडे हेच बेस. कॅचरच्या मास्कचा पट्टा तुटलेला होता, तो परकराच्या नाडीने बांधलेला असे. याचं आम्हाला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते आमच्या पिचरचं. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात चक्रासारखा पूर्ण फिरवते आणि चेंडू कमरेजवळून, खालून सोडते. समोरची खेळाडू ४३ फुटांवर असते. सगळा खेळ मनगट कोणत्या क्षणी सुटतं आणि पुढचा पाय कुठे पडतो यावर. ही सवय अंगात मुरायला दोन-तीन हंगाम जातात. आमच्या पिचरला दरवर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीच्या शिबिरात नवे सर मिळायचे. एका सरांनी तिचं पाऊल लांबवलं. पुढच्या वर्षीचे म्हणाले, ‘हे कुणी शिकवलं?’ आणि आखूड केलं. तिसऱ्या वर्षीच्यांनी पायाकडे पाहिलंच नाही, खांदा बदलायला लावला. प्रत्येकजण मनापासून शिकवत होता, अतिशय तुटपुंज्या मानधनावर, आणि ते मानधनही वेळेवर मिळत नसे. शिबिर संपलं की सर आपल्या शाळेत, आणि ती उरलेलं वर्ष भिंतीवर चेंडू मारत एकटी. शेवटच्या वर्षी तिचा खांदा गेला.

आपल्याकडे पदं नाहीत असं नाही. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचं पद असतं, कितीतरी ठिकाणी ते रिकामं असलं तरी. पण त्या एका माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या खेळांच्या प्रवेशिका भरायच्या, ट्रॅकसूटची दरपत्रकं मागवायची, प्रवासाची बिलं जोडायची आणि जमलंच तर निवडणुकीच्या कामालाही जायचं. तो प्रशासक आहे, आणि प्रशासक हवाच. हचिन्स जे काम करायच्या ते वेगळं. एकच खेळ, एकच संघ, पूर्ण वर्ष, आणि हाताशी सहायक. त्या सहायकांतल्या बॉनी थॉल आधी हचिन्स यांच्याच हाताखाली खेळल्या, मग जवळजवळ तीन दशकं त्यांच्या सहायक राहिल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी मुख्य प्रशिक्षक झाल्या. तिथे खेळाडूच्या पुढच्या आयुष्यात प्रशिक्षक होणं ही एक सरळ वाट आहे. आपण खेळाडूला सवलतीचे गुण देतो, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण देतो. चांगलंच आहे, माझ्या संघातल्या मुलींचे संसार त्यावर उभे आहेत. पण प्रमाणपत्राची पडताळणी झाली, नेमणुकीचा आदेश हातात पडला की खेळाशी संबंध संपला. आमच्यातली सगळ्यात हुशार शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी क्षेत्ररक्षक) आज एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. तिला खेळ शिकवता येतो, पण शिकवण्याची नोकरीच नाही.

‘अमेरिकेकडे पैसा आहे’ हे उत्तर मला माहीत आहे. अर्धं खरं आहे. तिथेही बहुतेक विद्यापीठांत सॉफ्टबॉल स्वतःचा खर्च भागवत नाही. मिशिगनकडे एक लाखाहून जास्त प्रेक्षक मावणारं अमेरिकी फुटबॉलचं स्टेडियम आहे, आणि मुलींच्या खेळांचा बराचसा भार तो फुटबॉल उचलतो. आपोआप नव्हे. मुलींना वाटा देणं कायद्याने बंधनकारक केलं, म्हणून. आपल्याकडे तसा फुटबॉल नाही. पण क्रीडा शुल्क आहे. दर विद्यार्थ्यामागे थोडंसंच, पण राज्यातल्या विद्यार्थ्यांची संख्या आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते जमा किती होतं, खर्च कशावर होतं, त्यातलं मुलींच्या संघांवर किती, हे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावं, एवढं परिपत्रक काढायला वित्त विभागाच्या मंजुरीची गरज पडू नये.

आणखी एक सावधगिरी. टायटल नाइनने मुलींना मैदान दिलं, शिष्यवृत्त्या दिल्या, पण त्याच काळात एक उलटी गोष्टही झाली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना महिला प्रशिक्षक होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. पदांना पगार आला, प्रतिष्ठा आली, तसे पुरुष अर्ज करू लागले आणि निवड करणारेही बहुतेक पुरुषच. हचिन्स यावर सतत बोलत आल्या. पुरुष प्रशिक्षक वाईट असतात असं मी म्हणत नाही. ॲरिझोनाच्या माइक कँड्रिया यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्णही मिळवून दिलं. पण आपल्याकडे मुलींच्या संघाबरोबर महिला ‘व्यवस्थापक’ पाठवायची आणि शिकवायला पुरुष, ही रीत इतकी रुळली आहे की नवी पदं निघाली तर तीही याच साच्यात भरली जातील. महिला व्यवस्थापक म्हणजे बहुतेक वेळा मराठीच्या किंवा गृहअर्थशास्त्राच्या मॅडम, ज्यांना सुट्टी बुडवून रेल्वेच्या स्लीपर डब्यात मुलींवर लक्ष ठेवायला बसवलेलं असतं. त्यांनाही विचारून पाहा.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे. ते सामने मात्र लॉस एंजेलिसला नाहीत. ते दोन हजार किलोमीटर लांब, ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत, कारण या खेळासाठी लागेल ते सगळं असलेलं मैदान तिथे तयार आहे, आणि ते मोठं झालं आहे कॉलेजच्या मुलींच्या वार्षिक स्पर्धेमुळे. आपला संघ तिथे नसेल, त्याबद्दल मी आज काही मागत नाही.

मागते ते एवढंच. राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आपल्या भागात रुजलेले तीन खेळ निवडावेत. जळगावकडे सॉफ्टबॉल असेल, कोल्हापूरकडे कुस्ती, दुसरीकडे खो-खो किंवा तिरंदाजी. त्या प्रत्येकासाठी पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक आणि एक सहायक, प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीत. अकरा महिन्यांचा करार नको. मुलींच्या संघासाठी दोघांपैकी निदान एक महिला असावी, आणि सहायकाचं पद त्या विद्यापीठातून खेळून गेलेल्यांना आधी खुलं असावं. पहिला आढावा पाच वर्षांनी घ्यावा आणि त्यात पदकांसोबत किती मुली पदवीपर्यंत टिकल्या, किती जणी दुखापतीने बाहेर गेल्या, किती पुढे प्रशिक्षक झाल्या, हेही मोजावं. बालेवाडीच्या क्रीडा विद्यापीठासाठी २०२० मध्येच कायदा झाला आहे. या पदांचं प्रशिक्षण तिथे होऊ शकेल.

निवड समितीत खेळ खेळलेली एक तरी व्यक्ती असू द्या. उत्तर लेखी मिळालं तर बरं होईल, नाही तर अधिवेशनात आमच्या आमदारांकरवी हाच प्रश्न येईल.

आपली,
एक माजी विद्यापीठ खेळाडू, सेकंड बेस