पांढरी चार, पण गिटारवर

शहापूर, बेळगाव
श्रावण, पाऊस चालूच आहे

प्रिय सुऱ्या,

तुझ्या मेसेजवर नुसता अंगठा टाकून गप्प बसलो म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तू फोनवर ऐकत नाहीस, मध्येच आपलं सुरू करतोस. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. माझा गुडघा पावसाळी, आईला ऐकू येतं ते तिच्या सोयीनं. झालं.

विषय असा की मी गिटार शिकतोय.

हसून झालं असेल तर पुढं वाच. आपल्या भजनी मंडळाच्या बुवांची नात, चिमी, आता कार्यक्रमात गाते. गळा कुणाचा ते वेगळं सांगायला नको, आणि पट्टीही तीच. यंदा कार्तिकात येणाऱ्या बुवांच्या पुण्यतिथीसाठी म्हणाली, "काका, एक अभंग नुसत्या गिटारवर घेऊया. पेटी नको." पेटी नको! बुवांच्या घरात! मी रंग्याकडं बघितलं, रंग्या टाळाच्या दोऱ्या तपासू लागला. मंडळात गिटार वाजवणारा एक पोरगा होता, तो नोकरी लागून बेंगळूरला गेला. मग वाजवणार कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडं. का, तर मला सुरातलं कळतं आणि आमच्या घरी कपाटावर पोराची गिटार धूळ खात पडलीय. नाही म्हणालो असतो तर त्या अभंगाला मी काय करणार होतो? टाळ रंग्याचा, आणि पायाजवळ बसून माना हलवायचं काम तुझं होतं, ते मला जमत नाही.

तर पट्टी पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी कळ हा सा. आठवतंय ना? आपले गळे फाटायचे आणि बुवा वरच्या सा वर आरामात उभे. मागं बसलेल्यांनी "बुवा, जरा उतरा की" म्हटलं की ते म्हणायचे, "तुम्ही चढा." तिथं माझी बोटं आख्खी हयात बसलीत. पांढरी चार, पांढरी सहा, वरची पांढरी एक. सा ग प. अंगठा, मधलं, करंगळी, झोपेत पडतात. आणि गिटारवर हेच तीन सूर एकत्र म्हणजे एफ मेजर, सुऱ्या, तो शिकाऊ माणसाला रडवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. सी येतो, जी येतो, डी तर पहिल्याच आठवड्यात येतो. बुवांनी बरोबर तीच पट्टी धरावी ज्याच्यावर माणसं गिटार विकून टाकतात!

होतं काय, तर तर्जनी आडवी ठेवून पहिल्या घरातल्या (घर म्हणजे गळ्यावरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधली जागा) सहाच्या सहा तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढच्या घरांतल्या तीन. वाजवलं की थप्प. ओला पापड मोडल्यासारखा आवाज. मी दात खाऊन दाबत होतो, मनगट भरून यायचं, सौ. आतून विचारायची, "भांडं पडलं काय?"

मग शिकवायला पोरगा मिळाला. सुळेभावीचा. मी म्हटलं, अरे वा, कुमार गंधर्वांच्या जन्मगावचा! तर म्हणतो, "यारु?" म्हणजे, कोण? असू दे. हात मात्र सोन्याचा. मराठी समजतं त्याला, पण शिकवायला लागला की कन्नडवर जातो. "अंकल, निधान माडरी. जोर ब्याडरी." हळू करा, जोर नको. त्यानं एकच गोष्ट अशी सांगितली की मी उठून उभा राहिलो. एफमध्ये तर्जनी सहा तारांवर पडते, पण तिला वाजवायच्या असतात तीनच: सगळ्यांत जाड एक आणि खालच्या बारीक दोन. मधल्या तीन तारा बाकीच्या बोटांनी पुढं दाबलेल्याच असतात, तिथं तर्जनीनं कितीही जोर लावला तरी फुकट. मी मधल्या भागात सगळी ताकद घालत होतो. आता तर्जनी जरा कुशीवर वळवतो, अंगठ्याकडच्या हाडाच्या बाजूवर, म्हणजे पेरांच्या खाचेत तार बुडत नाही. अंगठा गिटारच्या गळ्याच्या मागं मधोमध. कोपर अंगाजवळ आणला की हाताचं वजनच काम करतं. आणि हा सराव पहिल्या घरात नाही, पाचव्या घरात. तिथं तार नरम लागते. मग एक एक घर मागं सरकत यायचं.

मला खरी गंमत वाटली ती पुढं. कागदावर सूर लिहून बघितले. सहा तारांत सा तीन, प दोन आणि ग फक्त एक. तो ग एकट्या मधल्या बोटाखाली, तिसऱ्या तारेवर. ती तार मुकी राहिली की हाती राहतो नुसता सा आणि प. अभंगात शुद्ध गंधारावर चिमी जिथं थांबते तिथं माझा गंधार गायब! आणि मधलं बोट उचललं की तोच ग कोमल होतो, एफ मायनर, म्हणजे सोपं व्हायला हवं की नाही? नाही. कारण मग ती तारसुद्धा तर्जनीच्या वाट्याला येते. बुवा असते तर दोन तास ह्याच्यावरच बोलले असते आणि शेवटी गिटारला नावं ठेवली असती. पेटीला तरी कुठं सोडायचे? चिडले की, "आकाशवाणीनं १९४० साली पेटी बंद केली ते उगाच नाही, १९७१ ला परत घेतली तिथं चुकलं." आणि दोन मिनिटांनी मलाच, "हं, सूर दे."

गिटारचाही दोष होता. पोरानं तिसऱ्या घरात तार दाबून गळ्यावरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर डोळा लावला. पट्टी आणि तार ह्यांच्यात कागद जाईल एवढीच फट हवी, आमच्या गिटारला पोस्टकार्डांची चळत गेली असती. गळ्याच्या टोकाला जिथून तारा खाली उतरतात त्या पांढऱ्या पट्टीच्या खाचा उथळ होत्या. म्हणून पहिल्याच घरात एवढा दम लागायचा. त्यात आपला पाऊस. लाकूड पाणी पिऊन फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा आणखी उंच. पोरानं बारीक कानशीनं एकेक खाच घासली. दोन ओढी मारायच्या, तार बसवून बघायची, परत दोन ओढी, कारण जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि मग पट्टीच बदलावी लागते. मी श्वास धरून बसलो होतो. आता एफच्या पाच तारा बोलतात. दुसरी रुसते.

पण एफनं भागत नाही. मध्यम येतो काळी पाचला, म्हणजे बी फ्लॅट. त्याच्यात तर्जनी आडवी आणि अनामिका तीन तारांवर पालथी. माझी अनामिका पालथी होत नाही. कधीच होणार नाही असं वाटतं.

आणि आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हा कागद काढलाय. पोरानं खिशातून एक चिमटा काढला. कॅपो. तिसऱ्या घरावर लावला आणि म्हणाला, "डी, जी, ए वाजवा." वाजवलं. सुऱ्या, पांढरी चार! एफ, बी फ्लॅट, सी, तिन्ही स्वच्छ, गंधारासकट. आणि मला पहिल्यांदा तुझं तोंड दिसलं.

तुझी ती कोलकात्याची स्केलचेंजर पेटी. कळपाटी सरकवायची आणि काळी एकची बोटं ठेवून कुठल्याही पट्टीत वाजवायचं. मी तुला काय काय बोललो होतो ते तुला पाठ आहे, दर लग्नात तू ते चारचौघांत म्हणून दाखवतोस. पट्टी बदलली की बोटं बदलली पाहिजेत, हे मी आजही म्हणतो. त्या गणपतीत तू पेटी उचलून निघून गेलास आणि दिवाळीपर्यंत बोलला नाहीस, ती तुझी हौस. माझं म्हणणं तिथंच आहे.

पण कॅपो म्हणजे स्केलचेंजर आहे का, सांग. मी रात्री पडून ह्याच्यावरच विचार करतो. कॅपोनं तार खरोखर आखूड होते, म्हणजे ती एक लोखंडी तर्जनीच, बाकीची बोटं माझीच. तुझ्या पेटीत आतले सूर जागच्या जागी आणि वरचं पाटच सरकतं. फरक आहे. आहे ना? मी हे रंग्याला समजावलं तर तो म्हणाला, "तू दमलायस, चहा घे."

गंमत ही की मांडवात कुणाला काही कळणार नाही. चिमीला तर कॅपोच हवाय, ती म्हणते सगळेच लावतात. आवाजही मोकळा येतो, हे मी नाकारत नाही. कळेल ते फक्त तुला. तू पहिल्या रांगेत बसणार, गिटारच्या गळ्यावर तो काळा चिमटा बघणार आणि डाव्या मिशीत हसणार. ते मला चालणार नाही. आणि चिमटा न लावता वाजवलं आणि बी फ्लॅटला थप्प झालं, तर चिमीचं गाणं पडेल. बुवांच्या पुण्यतिथीला. माझ्या हट्टापायी पोरीचं गाणं पडावं असं मला वाटत नाही, पण हट्टही जात नाही.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? की बिल्डर अजून पुढची पौर्णिमा दाखवतोय? धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं ते कळव. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे नानीकडून कळलं, बरं वाटलं, त्यांना नमस्कार सांग.

तारीख अजून ठरली नाही. कुणीतरी १ नोव्हेंबर सुचवला होता, मी म्हटलं डोकं ठिकाणावर आहे का? एकीकडं काळा दिवस, दुसरीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, मधल्या रस्त्यानं तबला कोण आणणार? त्याच्या पुढचा एखादा रविवार धरतील.

तू शनिवारीच ये. गाडी कुठलीही धर, स्टँडवर मी येतो. रात्री माडीवर बसू. मी दोन्ही वाजवून दाखवतो, चिमट्यासकट आणि चिमट्याशिवाय, डोळे मिटून ऐक आणि सांग. पण त्याच्याआधी दोन ओळी लिहून पाठव: लावू की नको? स्केलचेंजरचा उल्लेख न करता लिहायचं. जमणार नाही तुला, तरी बघ.

तुझा,
पक्या

ता. क. कुंदा पुण्याला पाठव म्हणालास. पाठवणार नाही. इथं येऊन खा.