पोटगीची वसुली सरकारने करावी

महोदय,

नातीची पोटगी मंजूर झाली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पण हातात आदेश पडला तरी पैसे पडतीलच असं नाही, हे आता कळतंय.

मुलगी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवते. जावई पुण्यात नोकरीला, पगार दर महिन्याला खात्यात जमा. इंदूरहून वसुलीचं वॉरंट निघतं, तिकडे जातं आणि ‘दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. मग पुढची पेशी. नवा पत्ता शोधून द्यायचा तोही मुलीनेच. पेशीच्या दिवशी मशीन बंद, त्या दिवसाची कमाई बुडाली. त्यातून थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेचं वॉरंटच निघत नाही. बुडवणारा निवांत, आणि मुदती सांभाळायच्या आईने! नात पाचवीत गेली आहे. शाळेची फी, बस, वह्या-पुस्तकं कुणासाठी थांबत नाहीत.

कायदा कमजोर नाही. पूर्वीचं कलम 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144, यात थकबाकीदाराला कैदही होऊ शकते. पण जावयाला तुरुंगात बघायची मला हौस नाही. त्याची नोकरी गेली तर नातीच्या हाती काय लागणार? रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. म्हणजे पगारावर जप्ती आणता येते. पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वकिलांची फी.

माझं म्हणणं एवढंच, की आदेश झाला त्याच दिवशी त्याची प्रत कोर्टानेच मालकाकडे पाठवावी आणि प्रॉव्हिडंट फंडासारखी पोटगी पगारातूनच कापली जावी. अमेरिकेत असंच होतं. शिवाय थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट मिळत नाही. ज्यांना पगार नाही, दुकान किंवा शेती आहे, त्यांच्यासाठी कलेक्टरला वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याची सोय आपल्या कायद्यात आधीपासून आहे. ती आईच्या अर्जाची वाट न बघता वापरावी, आणि परराज्यात गेलेल्या वॉरंटचं पुढे काय झालं याचा जाब कोर्टाने तिथल्या पोलिसांना विचारावा.

– एक आजी, रामबाग, इंदूर