३० मीटरच्या भरवशावर पोहू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाने बाबांचं रिटायरमेंटला मिळालेलं महागडं घड्याळ घालून दादरला पूलमध्ये उडी मारली, मागे ३० मीटर लिहिलंय ना मग काय होतंय म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत काचेला आतून वाफ धरली, सहाच्या आकड्यापाशी तर चक्क थेंब. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत बसले.

अहो, ३० मीटर म्हणजे तेवढं खोल जाता येतं असं नाहीच! तो टेस्टमधल्या दाबाचा आकडा, हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतं एवढंच. पोहायला निदान १०० मीटर हवं, आणि चावी स्क्रूवाली असेल तर ती घट्ट पिळलेली, पाण्यात तिला हात लावायचा नाही. रोलेक्स कंपनीचं ऑयस्टर नावाचं, पाणी आत न शिरणारं घड्याळ १९२६ मध्ये आलं ते अशाच चावीच्या जोरावर.

किंमत बघून भुलू नका, आतल्या रबरी रिंगा काही वर्षांत कडक होतात, म्हणून पाण्यात उतरण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन पाणी आत शिरेल का याची तपासणी, कराच. दुकानदारांनी हे विकतानाच सांगायला हवं, बिलावर लिहून द्यायला हवं. आणि जुहूच्या खाऱ्या पाण्यातून आलात तर घड्याळ लगेच गोड्या पाण्याने धुवा.

एक वाचक, माहीम