एक खून आणि सहा उत्तरे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण अँथनी बर्कली यांच्या 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस' या १९२९ सालच्या इंग्रजी कादंबरीवर वाचकांची मते पानभर छापलीत. इतक्या जुन्या रहस्यकथेला कुणी एवढी जागा देईल असे वाटले नव्हते. फार आनंद झाला. पण ते पान वाचून संपवले तेव्हा मी बेचैन होते. त्याची कारणे दोन. बहुतेक वाचकांनी या पुस्तकाचा दोष म्हणून जे सांगितले आहे, तोच माझ्या मते त्याचा प्राण आहे. दुसरे कारण पत्राच्या शेवटी लिहिते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनच्या एका क्लबात सर युस्टेस पेनिफादर या बदनाम गृहस्थाच्या नावे टपालाने चॉकलेटचा डबा येतो. सोबत चॉकलेट कंपनीच्या नावाच्या कागदावर टंकलिखित पत्र: नवा माल आहे, चाखून अभिप्राय कळवा. सर युस्टेसला असल्या जाहिरातबाजीची चीड, म्हणून तो डबा शेजारी उभ्या असलेल्या ग्रॅहम बेंडिक्सला देऊन टाकतो. बेंडिक्स आदल्या रात्री बायकोशी पैज हरलेला असतो. नाटकातला गुन्हेगार ओळखता येतो का यावर पैज लागली होती आणि चॉकलेटचा डबा हीच तिची बोली होती. तो डबा घरी नेतो. जेवणानंतर जोन बेंडिक्स सात चॉकलेटे खाते आणि मरते. नवरा दोनच खातो, तो वाचतो. आत नायट्रोबेंझिन भरलेले निघते. रंगाच्या कारखान्यांत लागणारे, कडू बदामासारख्या वासाचे हे विष आहे.

पोलीस हात टेकतात. मग रॉजर शेरिंगहॅम या कादंबरीकाराने जमवलेले गुन्हेअभ्यासकांचे मंडळ हे प्रकरण हाती घेते. सभासद सहा: एक नामांकित फौजदारी वकील, एक नाटककार बाई, एक गंभीर कादंबऱ्या लिहिणारी लेखिका, एक रहस्यकथाकार, स्वतः शेरिंगहॅम आणि चिटरविक नावाचे एक भिडस्त, साधे गृहस्थ. आठवडाभर ज्याने त्याने आपापला तपास करायचा आणि मग रोज रात्री एकाने उभे राहून खुनी कोण ते सांगायचे. सहा रात्री, सहा उकली. प्रत्येक उकल ऐकताना वाटते, झाले, सापडला. दुसऱ्या रात्री ती कोसळते.

आपल्या एका वाचकाने लिहिले आहे, 'नुसत्या गप्पा आहेत, कुणी जागचे हलत नाही.' दुसऱ्याने लिहिले, 'एकाच पुराव्यातून सहा निष्कर्ष निघत असतील तर लेखकाने वाचकाची फसवणूक केली आहे.' या दुसऱ्या आक्षेपावर मला मनापासून बोलायचे आहे.

मी जिल्हा न्यायालयात २८ वर्षे लघुलेखक होते. फौजदारी खटल्यांच्या साक्षी, उलटतपासण्या आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी टिपून घेतले आहेत. एकच पंचनामा, तेच साक्षीदार, टेबलावर तोच मुद्देमाल. सरकारी वकील बोलायला उठले की आरोपीनेच खून केला याबद्दल माझ्या मनात शंका उरत नसे. जेवणाच्या सुट्टीनंतर बचावाचे वकील उभे राहत आणि तासाभरात त्याच पंचनाम्यातून वेगळाच माणूस डोळ्यांसमोर येई. दोघांपैकी कुणी खोटे बोलत नव्हते. कुठली ओळ मोठ्याने वाचायची आणि कुठली पुटपुटत पुढे जायचे, एवढाच फरक असे. मी दोन्ही युक्तिवाद तितक्याच विश्वासाने टंकलिखित केले आहेत. म्हणून बर्कलींचा एक सभासद जेव्हा म्हणतो, की काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे कळले की काहीही सिद्ध करता येते, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. हे वाक्य लिहिणारा माणूस फसवणूक करत नाही. फसवणूक कशी होते ते तो उघडून दाखवतो.

नेहमीच्या रहस्यकथेत गुप्तहेर बुटाला लागलेला चिखल पाहतो आणि माणूस कोणत्या गावाहून आला ते सांगतो. तो चिखल आणखी दहा गावांत असू शकतो, हे त्याला कुणी विचारत नाही. बर्कली विचारतात. आणि हे त्यांनी दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या लेखनाला लावून पाहिले आहे. याच खुनावर त्यांची एक लघुकथा आहे. त्या कथेत जे उत्तर खरे ठरते, तेच कादंबरीत खोटे पडते. स्वतःच्या जुन्या उत्तरावर असा घाव घालायला धाडस लागते.

एक गोष्ट मात्र त्या वाचकाची मान्य करायला हवी. दर रात्री वक्ता स्वतः शोधलेली नवी माहिती पुढे आणतो आणि ती आधी वाचकाच्या हाती नसते. म्हणजे पहिल्या रात्री बसून खरा खुनी ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. १९३० मध्ये बर्कलींनी रहस्यकथाकारांच्या ज्या डिटेक्शन क्लबची स्थापना केली, त्याचे सभासद वाचकाशी सचोटीने वागण्याची शपथ घेत. त्या कसोटीवर या पुस्तकाला पूर्ण गुण देता येणार नाहीत. पण खटल्यातही पुरावा साक्षीदारागणिकच बाहेर येतो. पहिल्या साक्षीवर मत बनवले तर चूक आपली असते.

आता विनोदाबद्दल. एका भगिनींनी विचारले आहे, खून हा हसण्याचा विषय आहे का? प्रश्न योग्य आहे आणि मला तो आवडला. माझे उत्तर असे, की या पुस्तकात मेलेल्या बाईची एकदाही टिंगल होत नाही. हसू येते ते खात्रीने बोलणाऱ्यांचे. नामांकित वकीलसाहेब बंद खोलीत पाच माणसांपुढेही ज्यूरीसमोर बोलावे तसे बोलतात. दुसऱ्याच रात्री संशयाचे बोट मंडळातल्याच एका सभासदाकडे वळते आणि बैठकीची सगळी सभ्यता डळमळते. तिसऱ्या रात्रीचा प्रसंग तर मला पाठ आहे. रहस्यकथाकार ब्रॅडली खुन्यात कोणते गुण हवेत याच्या बारा अटी मांडतो: रसायनाचे जुजबी ज्ञान, अमुक टंकलेखन यंत्र, अमुक पेन, अमुक शाई, असे करत. या सगळ्या अटी एकाच माणसात जुळण्याची शक्यता अब्जावधीत एक, असे गणितही करतो. मग सांगतो, की या बाराही अटी पुऱ्या करणारा माणूस सापडला आहे आणि तो मीच. हे सांगितल्याने रहस्य फुटत नाही, पुढे तीन रात्री बाकी आहेत. पण इतक्या काटेकोर गणिताने निरपराध माणूस, तोही स्वतः गणित मांडणारा, गुन्हेगार ठरू शकतो हे एका पानात कळते. यावर हसताना माझ्या पोटात गोळाही आला होता.

त्या टंकलेखन यंत्रापाशी मी जरा जास्तच रेंगाळले, कारण तो माझा प्रांत. बनावट पत्र कोणत्या यंत्रावर टंकलिखित झाले यावर पुस्तकात बराच खल आहे. आमच्या कार्यालयातल्या एका यंत्राचा 'र' कायम ओळीच्या वर उडत असे आणि कागद पाहून तो कोणाच्या टेबलावरून आला हे मी सांगू शकत होते. पण कागदावरून यंत्र सांगता येते, बोटे कुणाची ते नाही. बर्कलींना हा फरक नीट माहीत होता.

आणखी एक गोष्ट आपल्या पानावर कुणीच लिहिली नाही. या पुस्तकातले वक्ते आपल्या उकलीला जुळणारे जुने खटले शोधून आणतात आणि ते खटले खरे आहेत. १८७१ मध्ये ब्रायटन शहरात क्रिस्टियाना एडमंड्स या बाईने चॉकलेटांत स्ट्रिकनीन हे विष घालून ती विक्रीत मिसळवली आणि चार वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याहून जवळचा खटला न्यूयॉर्कचा. १८९८ च्या डिसेंबरात हॅरी कॉर्निश या गृहस्थाला त्याच्या क्लबच्या पत्त्यावर टपालाने औषधाची बाटली आली. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. तो राहत होता त्या घरच्या कॅथरीन ॲडम्स या बाईंचे डोके दुखत होते म्हणून त्याने त्यांना ते औषध दिले. आत सायनाइडचे संयुग होते, त्या गेल्या. क्लब, टपाल, एकासाठी आलेले विष आणि बळी भलत्याच बाईचा. ती बाटली पाठवल्याच्या आरोपावरून रोलंड मोलिनो याच्यावर खटला चालला. १९०० मध्ये त्याला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला, १९०१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि १९०२ मध्ये फेरखटल्यात ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. मृत बाई तीच, बाटली तीच, आरोपी तोच, आणि निकाल दोन. हे वाचल्यावर सहा उकलींना कृत्रिम म्हणवत नाही.

माणसे बाहुल्यांसारखी आहेत, हा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. जोन बेंडिक्स कशी होती, तिच्या घरात कोण रडले, याला पुस्तकात फारशी जागा नाही. मला ते टोचते. बर्कलींनाही टोचले असावे असे मी समजते. कारण दोनच वर्षांनी त्यांनी फ्रान्सिस आइल्स या नावाने 'मॅलिस अफोरथॉट' लिहिली आणि तिच्यात खुनी कोण हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. बाकीचे सगळे पुस्तक त्या माणसाच्या मनात शिरते. ज्या वाचकांना माणसे हवी आहेत त्यांनी ते वाचावे.

या चॉकलेट प्रकरणावर लिहिणाऱ्यांचा मोह अजून संपलेला नाही. क्रिस्टियाना ब्रँड या लेखिकेने १९७९ मध्ये सातवे उत्तर लिहिले आणि २०१६ मध्ये मार्टिन एडवर्ड्स यांनी आणखी एक. ज्या पुस्तकाला पन्नास आणि सत्त्याऐंशी वर्षांनी नवी उत्तरे सुचतात, त्याला 'फक्त वेळ घालवायला बरे' म्हणू नये.

आता ती दुसरी गोष्ट. आमच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी आम्ही नऊजणी जमतो. यंदा मी हे पुस्तक घेतले आहे. मी इंग्रजी पान वाचते आणि मराठीत सांगत जाते. दोघी-तिघींना डोळ्यांच्या तक्रारीमुळे आता वाचता येत नाही, त्या कान देऊन बसतात. पाचवी रात्र संपली तेव्हा आम्ही ठरवले, की शेवटचे प्रकरण लगेच वाचायचे नाही. प्रत्येकीने आपला खुनी चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. एका आजींनी चिठ्ठी परत मागून नाव खोडून दुसरे लिहिले. दुसऱ्या एकीने घरी जाऊन रात्री मला फोन केला, 'अगं, पैजेचे पुन्हा एकदा वाच ना.' त्या वाक्यावरून ती किती जवळ पोहोचली आहे हे मला कळले, पण मी काही बोलले नाही.

आणि रविवारी आपल्या पुरवणीत, एका वाचकाच्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत, खुन्याचे नाव सरळ छापून आले. नऊपैकी सहाजणींच्या घरी आपला पेपर येतो. सकाळी साडेआठच्या आत मला चार फोन आले. ज्या आजींनी चिठ्ठी बदलली होती त्या म्हणाल्या, 'आता गुरुवारी काय करायचं गं?' मला उत्तर देता आले नाही.

संपादक महोदय, पत्र लिहिणाऱ्याला उत्साहाच्या भरात भान राहिले नसेल, पण छापण्यापूर्वी ते आपल्या कुणाच्या तरी हातून गेले आहे. एक नाव गाळले असते तर त्या पत्रातले काहीच कमी झाले नसते. रहस्यकथांवरची मते आपण जरूर छापत राहा, मी ती वाचणारच. फक्त खुन्याचे नाव तेवढे गाळत चला.

येत्या गुरुवारी आम्ही शेवटचे प्रकरण तरीही वाचणार आहोत. डबा मी अजून उघडलेला नाही.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका, सातारा