अॅक्रेलिकच्या बिलावर कास्ट का एक्स्ट्रुडेड ते लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरी फिशटँक बनवणाऱ्यांसाठी आणि अॅक्रेलिक शीट (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) विकणाऱ्यांसाठीपण हे पत्र लिहितोय, जमलं तर छापा. या शीटचे कास्ट आणि एक्स्ट्रुडेड असे दोन प्रकार असतात, सगळा घोळ त्यातच झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीसोबत छोटा टँक बनवला, दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. घरात धाकटा दोन वर्षांचा आहे, हातात येईल ते फेकतो, म्हणून काच नको म्हटलं आणि शहरातल्या एका दुकानातून ४ एमएमची अॅक्रेलिक शीट लेझरवर कापून आणली. फिशटँकसाठी पाहिजे असं दोनदा सांगितलं होतं, "चालतंय ना भाऊ, सगळं सेमच असतं" असं उत्तर मिळालं. क्लोरोफॉर्मने जोडला (ते अॅक्रेलिकच्या कडा विरघळवून एकमेकांना चिकटवतं), पाणी भरून चार दिवस तसाच ठेवून बघितला, मग आठ गप्पी सोडले. दोन महिने काही झालं नाही. मग एक दिवस सकाळचं ऊन तिरकं पडलं तेव्हा मुलगीच म्हणाली, बाबा टँकला केस चिकटलेत. केस नव्हतेच ते, जॉइंटच्या कडेने शीटच्या आतच बारीक बारीक चंदेरी रेघा उमटल्या होत्या, नखाला लागत नव्हत्या पण उजेडात चमकायच्या. त्यानंतर चौथ्या रात्री खालचा कोपरा पाझरायला लागला, सकाळी उठलो तर शोकेसमधून पाण्याचा ओघळ, मासे कसेबसे बादलीत काढले, सहाच वाचले आणि मुलगी दिवसभर जेवली नाही.

नंतर अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेला तुकडा घेऊन गेलो, त्याने काही न बोलता त्याला ड्रिल लावलं, तर वितळल्यासारखा चिकट दोरा निघून ड्रिलला गुंडाळला गेला, आणि त्याच्याकडच्या दुसऱ्या तुकड्यातून मात्र कोरडा कीस पडला. पहिला एक्स्ट्रुडेड, दुसरा कास्ट. दिसायला दोन्ही सारखेच, मला तर अजूनही नुसतं बघून ओळखता येत नाही. कास्ट शीट साच्यात ओतून जमवतात, एक्स्ट्रुडेड मशीनमधून दाबून बाहेर काढतात, त्यामुळे त्यात ताण राहून जातो, त्यात लेझरने कडा तापतात म्हणजे अजून ताण, आणि अशा कडेला क्लोरोफॉर्म लागलं की त्या रेघा सुटतात. एक्स्ट्रुडेड वाईट असते असं माझं अजिबात म्हणणं नाही, स्वस्त असते, जाडी एकसारखी मिळते, दुकानाच्या बोर्डाला ती छानच, पण कायम पाणी भरून ठेवायच्या टँकला ती द्यायला नको होती. आणि सिलिकॉनने जोडू म्हणाल तर ते काचेला धरतं तसं अॅक्रेलिकला धरत नाही, हेपण ध्यानात ठेवा.

जाडीचंही तेच. एवढ्या टँकमध्ये ४२ लिटर पाणी बसतं म्हणजे ४२ किलो, आणि काठोकाठ भरला तर एकट्या समोरच्या शीटवर साधारण २१ किलोचा जोर येतो. अॅक्रेलिक काचेपेक्षा निम्म्याने हलकं आणि सहजासहजी फुटत नाही हे खरं, पण काचेपेक्षा वीसपटीहून जास्त वाकतं. माझी ४ एमएमची शीट मधोमध फुगलेली डोळ्यांना दिसत होती आणि तो सगळा ताण जॉइंटवर येत होता. जाडी दुप्पट केली तर शीट आठपट कडक होते, म्हणून थोड्या पैशांसाठी जाडीत कंजुषी करू नका. आता मी ६ एमएम कास्ट घेतली, कडा करवतीने कापून घासून घेतल्या आणि वरून चारही बाजूंनी दोन इंचाची पट्टी जोडली, फुगवटा जवळजवळ नाहीच. पुसायला फक्त पाणी आणि मऊ सुती कापड, सॅनिटायझर किंवा काच पुसायचा स्प्रे लावला तरी तशाच रेघा येऊ शकतात.

अजून एक, आणि हे मला जास्त टोचतंय. ते क्लोरोफॉर्म मला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं होतं, ना लेबल ना काही. दिसायला पाण्यासारखं, वास गोडसर, आणि मी ती बाटली पाच मिनिटं किचनच्या ओट्यावर ठेवली होती, दोन वर्षांच्या पोराच्या घरात. पोटात गेलं तर जिवावर बेतेल असं रसायन आहे ते, त्याची वाफसुद्धा नाकात जायला नको, खिडक्या उघड्या ठेवून ग्लोव्हज घालूनच काम करायचं असतं, यातलं एक अक्षर मला देताना कोणी सांगितलं नाही.

दुकानदार मंडळींना हात जोडून विनंती आहे. अख्ख्या शीटवरच्या कागदावर बऱ्याचदा प्रकार आणि जाडी छापलेली असते, तुकडा कापला की ती माहिती तुमच्याकडेच राहते, तर बिलावर जाडीच्या पुढे कास्ट का एक्स्ट्रुडेड एवढं लिहून द्या. आणि क्लोरोफॉर्म खाण्यापिण्याच्या बाटलीत देऊ नका, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक