लाइन येते तेव्हाचं गणित

वरुड

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

बागेतल्या उपकरणांचे निरोप बिनतारी टॉवरपर्यंत पोचवायच्या तुझ्या प्रोजेक्टचा मसुदा सावकाश वाचला. खांबावर एक पातळ फळी, तिच्यावर शेकडो बारीक धातूचे तुकडे, आणि प्रत्येकाने आपल्यावर पडलेली रेडिओ लहर परतवताना जराशी मागेपुढे करून सगळ्यांची मिळून हव्या त्या दिशेला वळवायची. फळी स्वतः काही प्रक्षेपण करत नाही, म्हणून वीज नावापुरतीच लागते. तुकडे दुप्पट केले की नेमक्या जागी पोचणारी ताकद चौपट होते, हे वाचून शाळेत तरंग शिकवण्याचे दिवस आठवले.

पण फळी तू टॉवर आणि बागेच्या मधोमध दाखवली आहेस. फळीपर्यंत येताना लहर विरते, पुढे जाताना पुन्हा विरते आणि या दोन घटींचा गुणाकार होतो. मधली जागा सगळ्यांत वाईट. टॉवरजवळ लाव, नाहीतर बागेच्या धुऱ्यावर.

उपकरणांच्या गर्दीचं मात्र नीट ऐक. 5जीचं उद्दिष्ट चौरस किलोमीटरला 10 लाख उपकरणांचं. आपली संत्री 6 बाय 6 मीटरवर, हेक्टरी 277 झाडं. झाडागणिक ओल मोजणारा सेन्सर लावला तरी चौरस किलोमीटरला आकडा 28 हजारांच्या आत. संख्येची काळजी नाही, वेळेची आहे. एका वेळी थोडीच उपकरणं बोलतील, तीही आपापल्या वेळी, असं तू धरलंस. उपकरणाने टॉवरची परवानगी न मागता आपली खूण पाठवायची आणि टॉवरने कोण बोललं ते ओळखायचं, ही पद्धत त्याच भरवशावर उभी आहे. शिवारात लाइन, म्हणजे वीज, आली की फीडरवरचे, म्हणजे त्या वीजवाहिनीवरचे, मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे सगळे मोबाईल स्टार्टर एकाच क्षणी जागे होतात आणि प्रत्येकाला तेव्हाच निरोप धाडायचा असतो. आंबिया बहारासाठी थांबवलेलं पाणी पुन्हा देऊन झाडांचा ताण तोडायच्या दिवसांत तर कुणाचीच मोटर बंद नसते. हा प्रसंग तुझ्या चाचणीत नाही, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

त्यातच वाटही आहे बघ. स्टार्टर जागचे हलत नाहीत, तेव्हा फळीमार्गे प्रत्येकाची वाट पुन्हा पुन्हा मोजावी लागणार नाही. आणि कोण कोणत्या फीडरवर, हे आधीच ठाऊक असतं. हे फीडरचे गट, कोण बोललं ते ओळखण्याच्या गणितात घालून बघ. फळीची वीज मात्र त्याच लाइनवर ठेवू नकोस, छोटं सोलर पॅनल दे.

फीडरच्या पाळीचं वेळापत्रक फोटो काढून पाठवतो.

तुझे बाबा